हरल्यावर खापर कुणावर? फायटिंग गेम खेळणाऱ्यांनी या चुका टाळा

फायटिंग गेममध्ये समोर एकच माणूस असतो. आपल्या बाजूने चुकणारा सहकारी नसतो, अंपायरने वाट लावली असंही म्हणता येत नाही. राउंड गेला तर तो आपणच घालवला, हे इतकं उघड असतं की पचायला जड जातं. मग खापर फोडायला डोकं शोधलं जातं: समोरच्याचं कॅरेक्टर, त्याचं वाय-फाय, नवा पॅच (गेममध्ये केलेले नवे बदल), त्याने निवडलेले सोपे कंट्रोल्स, आणि शेवटी तो माणूसच. टेक्केन, स्ट्रीट फायटर, मॉर्टल कॉम्बॅट, गिल्टी गिअर, कुठल्याही गेमच्या ग्रुपमध्ये डोकावा, हीच वाक्यं फिरून फिरून कानावर येतात.

तक्रारच करू नये असं माझं अजिबात म्हणणं नाही. हरल्यावर राग येतो. ज्याला खेळाची काही पडलेली नाही त्यालाच तो येत नाही. पण "याला काही उत्तरच नाही" या वाक्याच्या पोटात "याला उत्तर काय?" हा प्रश्न असतो. तो बाहेर काढला तर खेळ सुधारतो. आत ठेवून नुसती कुरकुर केली तर खेळ आहे तिथेच राहतो आणि सोबत खेळणारी माणसं एकेक करून गळतात. या खेळात हे फार महागात पडतं, कारण आपल्याच तोडीचा कुणी समोर नसेल तर मॅचच लागत नाही.

चूक: "चीप आहे, नुसता स्पॅम करतो" म्हणून विषय मिटवणं

चीप म्हणजे हलका, फुकटचा डाव; स्पॅम म्हणजे तीच मूव्ह पुन्हापुन्हा. सगळ्यात जास्त नुकसान हे म्हणण्याच्या सवयीने होतं, म्हणून इथे जरा थांबू.

२०२३ मध्ये आलेल्या स्ट्रीट फायटर ६ मधला ड्राइव्ह इम्पॅक्ट हा जोरदार फटका घ्या. नवे खेळाडू यावरून जितके वैतागतात तितके दुसऱ्या कशावरूनच नाही. दोन फटके अंगावर घेऊन तो पुढे येतो, आणि कोपऱ्यात अडकल्यावर ब्लॉक केला (अडवला) तरी भिंतीवर आदळवतो. "हा दिसतच नाही" ही तक्रार ठरलेली. आता हिशोब करू. गेम सेकंदाला ६० फ्रेमने (चित्रांनी) चालतो, म्हणजे एक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदांचा. ड्राइव्ह इम्पॅक्ट लागायला २६ फ्रेम घेतो, म्हणजे ४३० मिलिसेकंदांच्या आसपास. डोळ्याला दिसून बोट हलायला बहुतेकांना २०० ते २५० मिलिसेकंद लागतात. म्हणजे वेळ आहे, आणि चांगला आहे.

मग लागतो का? कारण त्या क्षणी आपण त्याची वाट पाहतच नसतो. उडी मारेल का, थ्रो (पकडून आपटणं) करेल का, फायरबॉल येईल का, अशा चार गोष्टी डोक्यात एकदम चालू असतात आणि पाचवी आली की हात गोठतो. खेळाडू याला मेंटल स्टॅक म्हणतात. यावर इलाज आहे तो ट्रेनिंग मोडमध्ये. डमीला (सरावासाठीच्या कॅरेक्टरला) ड्राइव्ह इम्पॅक्ट, उडी, थ्रो आणि नुसतं पुढे चालणं असं वेगवेगळं रेकॉर्ड करून द्या, क्रम रँडम ठेवा, आणि इम्पॅक्ट दिसला की आपलाही इम्पॅक्ट दाबा. नंतर दाबणाऱ्याचा जिंकतो. थ्रोनेही तो मोडतो. कोपऱ्यात असताना विचार न करता बटणं दाबत राहण्याची सवय मात्र सोडावी लागते, कारण आपले ते दोन फटके पोटात घालूनच तो येतो.

याच्या उलट साधा थ्रो पाहा. पाच फ्रेम, म्हणजे ८३ मिलिसेकंद. हा कुणालाच पाहून टाळता येत नाही. "थ्रो का दिसला नाही" म्हणून स्वतःवर चिडण्यात किंवा समोरच्याला शिव्या देण्यात अर्थ नाही, तो अंदाजाचाच खेळ आहे. इथे विचारायचा प्रश्न वेगळा: तो थ्रो केव्हा करतो? मला पाडल्यावर? दोन जॅब (झटपट ठोसे) ब्लॉक झाल्यावर? प्रत्येकाची काहीतरी सवय असते आणि रिप्लेमध्ये ती उघडी पडते.

टेक्केनमध्येही हेच. एखादी मूव्ह ब्लॉक केल्यावर समोरचा आपल्यापेक्षा दहा किंवा त्याहून जास्त फ्रेम उशिरा सावरत असेल, तर दहा फ्रेमचा जॅब त्याला हमखास लागतो. अनेकदा ज्या मूव्हला "सेफ आहे, काही करताच येत नाही" म्हटलं जातं ती सेफ नसतेच. ब्लॉक झाल्यावर आपण जॅब दाबूनच पाहिलेला नसतो. टेक्केन ८ मध्ये रिप्ले मधेच थांबवून त्याच क्षणापासून स्वतः खेळून बघता येतं. हरलेल्या मॅचमधला फक्त एक प्रसंग तसा खेळून पाहा. पाच मिनिटंही लागत नाहीत, आणि तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा तिथेच मिळतं.

चूक: कॅरेक्टरचा राग खेळाडूवर काढणं

नाचता येईना अंगण वाकडं, हे आपण चटकन म्हणतो. पण अंगण कधीकधी खरंच वाकडं असतं. डिसेंबर २०१९ मध्ये टेक्केन ७ मध्ये लिरॉय स्मिथ आला आणि महिन्याभरात, जानेवारी २०२० च्या इव्हो जपानमध्ये (इव्हो या फायटिंग गेमच्या मोठ्या स्पर्धेची जपानी आवृत्ती), शेवटच्या आठांपैकी सहा जण लिरॉय घेऊन खेळत होते. त्यावर ओरड झाली ती रास्तच होती, आणि पुढच्या पॅचमध्ये त्याची ताकद कमी करण्यात आली. एप्रिल २०२५ मध्ये टेक्केन ८ च्या दुसऱ्या सीझनच्या पॅचवर खेळाडू असेच भडकले. बचावाला जागाच उरली नाही, सगळं आक्रमणाकडे झुकलं, असं म्हणणाऱ्यांत मोठे स्पर्धक होते. स्टीम या गेमविक्रीच्या साइटवर नकारात्मक रिव्ह्यूंचा पाऊस पडला आणि कंपनीला घाईने दुरुस्त्या कराव्या लागल्या.

अशा वेळी कामाची तक्रार कुठली ते ओळखायला शिका. मूव्हचं नाव, ब्लॉक केल्यावर किती फ्रेम, बाजूला सरकून टाळता येते का, कुठल्या व्हर्जनमध्ये पाहिलं, सोबत एक छोटी क्लिप. एवढं दिलं की गेम बनवणाऱ्याला त्यावर काम करता येतं आणि दुसऱ्या खेळाडूला ते तपासता येतं. कॅरेक्टरांची ताकद समतोल ठेवणाऱ्या बॅलन्स टीममधल्या माणसाला नाव घेऊन शिव्या घालण्यातून कुणालाच काही कळत नाही. उलट तो माणूस खेळाडूंशी बोलायचंच बंद करतो, आणि मग त्याच्यापर्यंत खरी तक्रारही पोहोचत नाही.

दुसरी गोष्ट मला जास्त टोचते. इव्हो २०१८ मध्ये सुपर स्मॅश ब्रदर्स फॉर वी यू च्या अंतिम सामन्यात दोन्ही खेळाडूंकडे बेयोनेटा होती. हे कॅरेक्टर लोकांना आधीच नकोसं झालेलं. भरलेल्या सभागृहाने मंचावरच्या त्या दोघांची हुर्यो उडवली. त्यांनी काय केलं होतं? नियमात बसणारं, गेममध्ये असलेलं कॅरेक्टर घेऊन ते फायनलला पोहोचले होते. बॅलन्स बिघडला असेल तर तो करणाऱ्याला सांगायचा. जो ते कॅरेक्टर मनापासून शिकला त्याला "कॅरेक्टरने तारलं" म्हणून हिणवायचं, हा शुद्ध अन्याय आहे.

चूक: हरलो की लॅग, जिंकलो की कनेक्शन छान

लॅगची, म्हणजे कनेक्शन अडखळण्याची, तक्रार खरी असू शकते, म्हणून ती तपासूनच करावी. जुन्या पद्धतीच्या नेटकोडमध्ये (दोघांचे गेम इंटरनेटवर जुळवणारी यंत्रणा) समोरच्याचं बटण पोहोचेपर्यंत गेम थांबून राहतो, त्यामुळे आपली बटणं जड वाटतात. रोलबॅक नावाच्या नव्या पद्धतीत गेम वाट पाहत नाही. समोरचा काय करेल याचा अंदाज धरून पुढे जातो आणि अंदाज चुकला की मागे जाऊन दुरुस्त करतो. टोनी कॅनन यांच्या जीजीपीओ या सॉफ्टवेअरने २००६ पासून ही पद्धत रुजवली आणि आज बहुतेक मोठे फायटिंग गेम तिच्यावरच चालतात. रोलबॅकमध्ये माणूस अचानक उडी मारून दुसरीकडे दिसला, तर नेटवर्क हेलकावे खातंय असं समजा. त्यात फसवणुकीचा संबंध नाही.

तपासायचा क्रम असा ठेवा. आधी स्वतः लॅन केबल लावा; पिंग (सिग्नल जाऊन यायला लागणारा वेळ) जास्त पण स्थिर असेल तर खेळता येतं, पण वाय-फायवर पिंग वरखाली होत राहतो आणि खरा त्रास त्याचाच असतो. टीव्हीवर खेळत असाल तर गेम मोड चालू करा. मग तीन-चार वेगवेगळ्या लोकांशी खेळा. सगळ्यांशीच अडखळत असेल तर दोष आपल्याकडे आहे. एकाशीच अडखळत असेल तर त्याला सरळ सांगा, "कनेक्शन नीट चालत नाहीये, थांबूया का?" बहुतेक लोक समजून घेतात.

चूक: मॅच अर्धवट सोडून पळणं, आणि जिंकल्यावर चिडवणं

हरताना केबल काढणं किंवा गेम बंद करणं म्हणजे समोरच्याने कमावलेले गुण चोरणं. २०१६ मध्ये स्ट्रीट फायटर ५ अशा पळपुट्यांवर शिक्षेची सोय नसतानाच बाजारात आला होता. लोक गुण वाचवायला सर्रास मॅच सोडत आणि प्रामाणिक खेळणाऱ्यांचा विचका होई. आता बहुतेक गेम अशांना दंड करतात. हरून रक्त तापलं असेल तर मॅच पूर्ण करा आणि मग उठा. एकच मॅच खेळून रिमॅच नाकारण्यात काही गैर नाही, तो ज्याचा त्याचा हक्क आहे.

जिंकल्यावर आपल्या कॅरेक्टरने पडलेल्याच्या अंगावर बसउठ करून चिडवणं, याबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ओळखीच्यांमध्ये ही थट्टा चालते, ऑफलाइन स्पर्धांना त्यानेच रंग येतो. पण अनोळखी माणसाशी, रँक्डमध्ये (क्रमवारीच्या सामन्यांत), जो कदाचित पहिल्याच आठवड्यात आहे, त्याच्याशी करू नये. त्याला थट्टा दिसत नाही, फक्त अपमान दिसतो.

चूक: नव्या माणसाला दारातूनच हाकलणं

स्ट्रीट फायटर ६ मध्ये मॉडर्न कंट्रोल्स आहेत, एरवी बटणांच्या क्रमाने काढावी लागणारी स्पेशल मूव्ह एका बटणावर निघते. "ते खरे खेळाडू नाहीत" हे वाक्य तेव्हापासून ऐकू येतं. त्या सोयीची किंमत गेमने आधीच वसूल केली आहे: एका बटणाने काढलेल्या स्पेशलचं डॅमेज ८० टक्केच होतं आणि काही साधे फटके मॉडर्नमध्ये मिळतच नाहीत. कुणी असा खेळून तुम्हाला हरवत असेल तर त्याच्याकडे कुठले फटके नाहीत ते शिका. उपयोग तुमचाच आहे.

नव्याने विचारलेल्या प्रश्नाला "लॅबमध्ये (म्हणजे ट्रेनिंग मोडमध्ये) जा" एवढंच उत्तर देणंही याच चुकीत मोडतं. लॅबमध्ये जाऊन करायचं काय, हेच तर त्याला माहीत नसतं. कुठली मूव्ह रेकॉर्ड करायची आणि तिच्यावर काय दाबून पाहायचं, ही दोन वाक्यं सांगायला वेळ लागत नाही.

अनोळखी ठिकाणाहून आलेल्या खेळाडूला "नशिबाने जिंकला" म्हणणंही तसंच. २०१९ मध्ये पाकिस्तानच्या अर्सलान ॲशने आधी इव्हो जपान आणि मग इव्हो, दोन्ही टेक्केन ७ मध्ये जिंकल्या. आपल्या देशात आपल्या तोडीचे आणखी खेळाडू आहेत असं तो सांगत होता. कोरियाचा नी, टेक्केनमधल्या आजवरच्या सर्वांत मोठ्या नावांपैकी एक, स्वतः उठून पाकिस्तानात गेला, त्या खेळाडूंशी खेळला, हरलाही, आणि शिकून परतला. इतकं नाव कमावलेला माणूस हे करू शकतो.

चूक: छळाला "आपल्याकडे असंच चालतं" म्हणून झाकणं

वरच्या चुका खेळाच्या आहेत. ही त्या रांगेत बसत नाही. २०१२ मध्ये कॅपकॉमने स्ट्रीट फायटर एक्स टेक्केनच्या प्रसिद्धीसाठी क्रॉस असॉल्ट नावाचा ऑनलाइन शो केला. त्यात एका महिला खेळाडूला तिच्याच टीमच्या प्रशिक्षकाने थेट प्रक्षेपणात अश्लील बोलून हैराण केलं, आणि हटकल्यावर हा या कम्युनिटीच्या संस्कृतीचाच भाग आहे असं त्याने समर्थन केलं. ती स्पर्धा सोडून गेली. त्याने पुढे माफी मागितली, पण जायचं ते माणूस गेलं. २०२० मध्ये इव्होच्या तत्कालीन प्रमुखावर गंभीर आरोप झाले तेव्हा मोठ्या गेम कंपन्यांनी अंग काढून घेतलं, त्याला पदावरून हटवलं गेलं आणि त्या वर्षीची ऑनलाइन इव्होच रद्द झाली.

म्हणून ग्रुप चालवत असाल किंवा छोटी स्पर्धा घेत असाल, तर नियम आधीच लिहून ठेवा: लिंग, जात, धर्म, देश यावरून शेरे चालणार नाहीत, नकोसे मेसेज चालणार नाहीत, आणि तक्रार कुणाकडे करायची. तक्रार ऐकायला किमान दोन माणसं नेमा, म्हणजे एकाविरुद्धच तक्रार असली तर दुसऱ्याकडे जाता येईल. मेसेजचे स्क्रीनशॉट आणि व्हॉइस क्लिप जपून ठेवायला सांगा, कारण गेममध्ये रिपोर्ट करतानाही तारीख, वेळ आणि समोरच्याचा आयडी लागतो. ज्याला त्रास झाला त्याला आधी ब्लॉक करू द्या, खुलासे नंतर मागा. आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे तो ग्रुपमधला सगळ्यात तगडा खेळाडू असला, तरी चौकशी पूर्ण होईपर्यंत पुढच्या ब्रॅकेटमध्ये (स्पर्धेच्या सामन्यांच्या तक्त्यात) त्याचं नाव घालू नका.