व्यसन आणि मनाचा आजार एकत्र असेल तर उपचार कसे घ्यावेत

'आधी दारू सोड, मग डिप्रेशनचं बघू' हा सल्ला घराघरांत दिला जातो आणि त्यात माणसाची वर्षं जातात. दोन्ही आजार एकमेकांना वाढवतात. त्यामुळे उपचारही एकाच वेळी आणि शक्यतो एकाच डॉक्टरांच्या देखरेखीखाली व्हायला हवेत.

मुंबईत असाल तर केईएम, नायर, सायन यांपैकी जवळच्या रुग्णालयाच्या मनोविकार ओपीडीत केसपेपर काढा. निघण्यापूर्वी एका कागदावर लिहून घ्या: रोज किती क्वार्टर (१ म्हणजे १८० मिली), शेवटची कधी घेतली, सोबत गांजा, गर्द (ब्राउन शुगर), झोपेच्या गोळ्या आहेत का. सगळ्यात मोलाची नोंद म्हणजे आधी काय सुरू झालं. उदासी, संशय, भास व्यसनाच्या आधीपासून होते का? दारू बंद असलेल्या काळातही राहिले का? दारूमुळे आलेली उदासी बऱ्याचदा २ ते ४ आठवड्यांत ओसरते, मूळचं डिप्रेशन तसं जात नाही. पण जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार असतील तर एक दिवसही वाट बघू नका.

कधी झोप न घेता दिवसचे दिवस अफाट उत्साह, बेफाम खर्च असं झालं होतं का, हेही सांगा. बायपोलर आजारात (कधी टोकाची उदासी, कधी टोकाचा उत्साह) नुसती डिप्रेशनची गोळी दिली तर उन्माद उसळू शकतो.

रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरच्या घरी एकदम तोडू नका. शेवटच्या पेल्यानंतर साधारण ६ तासांत हात थरथरू लागतात, पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, आणि २ ते ४ दिवसांत भास, ताप, बरळणं सुरू झालं तर जीव धोक्यात असतो. १०८ ला फोन करा. पूर्वी फिट आली असेल तर आधीच भरती व्हा. तिथे थायमिन म्हणजे ब-१ जीवनसत्त्व टोचतात. ग्लुकोज लावणार असतील तर थायमिन त्याआधी द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

जेवणात लपवून डायसल्फिराम (दारू सोडवण्याची गोळी) देणं अनेक घरांत चालतं. कृपा करून देऊ नका. वर दारू पोटात गेली की रक्तदाब कोसळू शकतो, आणि भास होणाऱ्यांचा आजार या गोळीने बळावू शकतो. पिणाऱ्याच्या संमतीशिवाय ती देऊच नये.

डिप्रेशनच्या गोळ्यांचा गुण यायला २ ते ६ आठवडे लागतात. मधे एकदा पिणं झालं की 'आता काय उपयोग' म्हणून त्या बंद केल्या जातात. तसं करू नका, डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. झोपेची गोळी मात्र दारूवर कधीच घेऊ नये, श्वास मंदावतो. गर्द सोडून आलेल्या माणसाची सहनशक्ती उतरलेली असते, पूर्वीचाच डोस त्याचा जीव घेऊ शकतो. हे डिस्चार्जच्या दिवशी त्याला स्पष्ट शब्दांत सांगा.

रात्री-अपरात्री बोलायला कोणी हवं असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक २४ तास सुरू असतो, मराठीतही.