एचपीव्ही लसीबद्दल घरात कसे बोलावे

गर्भाशयमुखाच्या (गर्भाशयाच्या तोंडाच्या) कर्करोगापासून वाचवणाऱ्या एचपीव्ही लसीचा निर्णय बहुतेक घरांत "बघू पुढे" या दोन शब्दांवर अडतो. आईवडिलांचा लसीला विरोध असतोच असे नाही; मुलगी दहा-बारा वर्षांची असताना लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या विषाणूचा विषय घरात काढायचा कसा, हे त्यांना सुचत नाही. तरुण मुलींच्या मनातली धास्ती वेगळी असते. आपण लस हवी म्हटले तर घरचे आपल्याकडे कोणत्या नजरेने पाहतील, हा विचार त्यांना सुईपेक्षा जास्त टोचतो. म्हणून येथे प्रत्यक्ष लसीइतकीच जागा त्याआधीच्या बोलण्याला दिली आहे.

पालकांनी सुरुवात मुलीपासून न करता एकमेकांपासून करावी. दोघांपैकी एकाच्या मनात शंका दबून राहिली असेल, तर ती नेमकी दवाखान्यात, मुलीच्या देखत बाहेर पडते. बोलायला बसण्यापूर्वी काही गोष्टी पक्क्या माहीत असाव्यात. ह्यूमन पॅपिलोमा व्हायरसचे, म्हणजेच एचपीव्हीचे, दोनशेच्या आसपास प्रकार आहेत आणि त्यांतील बरेचसे निरुपद्रवी असतात, परंतु गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे १६ आणि १८ क्रमांकाचे दोनच प्रकार असतात. जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउसेन यांच्या गटाने १९८३ आणि १९८४ मध्ये ते या कर्करोगाच्या गाठींत शोधून काढले, आणि या कामासाठी त्यांना २००८ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. हा संसर्ग इतका सर्रास आढळतो, की तो होणे म्हणजे कोणाच्या चारित्र्याचा पुरावा मानणे निव्वळ अन्यायाचे आहे. बहुतेकींच्या शरीरातून तो एक-दोन वर्षांत आपोआप नाहीसा होतो; ज्यांच्यात तो वर्षानुवर्षे टिकून राहतो, त्यांच्यापैकी काहींना पंधरा-वीस वर्षांनी कर्करोग होतो. म्हणजे बाराव्या वर्षी घेतलेली लस ही चाळिशीतल्या बाईची राखण असते.

"इतक्यात कशाला?" या प्रश्नाचे उत्तरही यातच आहे. ही लस संसर्ग टाळते, झालेला संसर्ग बरा करत नाही. त्यामुळे विषाणूशी गाठ पडण्याआधी ती घेतलेली असावी लागते. जागतिक आरोग्य संघटनेने ९ ते १४ हे वय मुख्य मानले आहे ते यासाठीच. इंग्लंडमध्ये ज्या मुलींना १२-१३ व्या वर्षी लस देऊ केली गेली, त्यांच्यात पुढे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे प्रमाण ८७ टक्क्यांनी कमी आढळले. १६ ते १८ या वयात लस देऊ केलेल्यांमध्ये ही घट ३४ टक्केच होती. "बघू पुढे" म्हणताना काय हातचे जाते, ते या दोन आकड्यांच्या अंतरात दिसते.

लस दिली म्हणजे मुलीला मोकळीक दिल्यासारखे होईल, ही भीती अनेक पालक बोलून दाखवत नाहीत, पण ती असते. लस घेतलेल्या आणि न घेतलेल्या मुलींची तुलना करणाऱ्या अभ्यासांत लसीमुळे लैंगिक संबंध लवकर सुरू होतात, असे आढळलेले नाही. शिवाय पोलिओचे थेंब पाजताना आपण बाळाच्या वागण्याबद्दल काही ठरवत नव्हतो. तोच साधेपणा येथे ठेवता येतो.

दुसरी भीती वंध्यत्वाची. लसीचा वंध्यत्वाशी संबंध आढळलेला नाही. उलट कर्करोगाच्या आधीचे बदल काढून टाकण्यासाठी गर्भाशयमुखाचा काही भाग कापावा लागला, तर पुढे मुदतपूर्व प्रसूतीचा धोका वाढू शकतो; ती वेळ येऊ नये, याची सोय लस करते. लसीत जिवंत किंवा मृत विषाणू नसतो, केवळ त्याच्या बाहेरच्या कवचासारखी प्रथिनांची रिकामी कवचे असतात. आत जनुकीय भागच नसल्यामुळे तिच्यातून संसर्ग होऊच शकत नाही. २००६ पासून ती वापरात आहे.

अफवेची किंमत किती असते, हे जपानने अनुभवले आहे. तेथे २०१३ मध्ये काही मुलींना झालेल्या त्रासाच्या बातम्या पसरल्या आणि सरकारने लसीची सक्रिय शिफारस थांबवली. सुमारे ७० टक्क्यांवर असलेले लसीकरण एक टक्क्याच्याही खाली घसरले. पुढे नागोया शहरातील जवळपास ३०,००० तरुणींच्या अभ्यासात त्या लक्षणांचा लसीशी संबंध दिसला नाही, पण शिफारस पूर्ववत व्हायला २०२२ उजाडले. त्या मुलींच्या आईवडिलांना दोष द्यावासा मला वाटत नाही. घाबरलेल्या माणसाला वेळेवर नीट उत्तर मिळाले नाही, की तो थांबतो. म्हणून आपल्या मनातली शंका, ती कितीही क्षुल्लक वाटली तरी, डॉक्टरांसमोर स्पष्टपणे विचारावी.

आता मुलीशी बोलणे. दवाखान्यात एक दृश्य पुष्कळदा दिसते. आई मुलीला म्हणते, "तू जरा बाहेर बस", दार लोटून घेते आणि आवाज खाली आणून लसीची चौकशी करते. बाहेर बाकावर बसलेल्या मुलीला शब्द ऐकू येत नाहीत, पण आपल्या शरीराबद्दल काहीतरी लाजिरवाणे चालले आहे, एवढे तिला नक्की कळते. हे टाळावे. घरी, हातातले काम चालू असतानाच, नेहमीच्या आवाजात सांगावे: "बाळा, बायकांना मोठेपणी गर्भाशयाच्या तोंडाशी एक कर्करोग होऊ शकतो. तो एका विषाणूमुळे होतो आणि त्यावर लस आहे. लहान वयात घेतली तर ती जास्त चांगली लागू पडते, म्हणून तुला आत्ता द्यायची आहे." तिने विषाणू कसा पसरतो असे विचारले, तर "मोठ्या माणसांच्या शरीरसंबंधांतून" एवढे खरे उत्तर पुरते; ती पुढे विचारेल तेवढेच पुढे सांगावे. हे बोलणे वडिलांनीही करावे. तो केवळ आईचा विषय राहिला, की तो पुन्हा कुजबुजीचा होतो. मुलगा असेल तर त्याच्याही लसीबद्दल विचारावे, कारण हा विषाणू पुरुषांमध्ये घशाचा आणि इतर काही अवयवांचा कर्करोग घडवतो.

जिची लहानपणी लस राहून गेली, त्या तरुणीने उशीर झाला असे समजून गप्प बसू नये. स्वीडनमधील मोठ्या अभ्यासात १७ ते ३० या वयात लस घेतलेल्या स्त्रियांमध्येही या कर्करोगाचे प्रमाण ५३ टक्क्यांनी कमी होते. शरीरसंबंध आलेला असला, तरी लसीत समाविष्ट असलेल्या सर्व प्रकारांचा संसर्ग झालेला असण्याची शक्यता कमी असते, त्यामुळे उरलेल्या प्रकारांपासून संरक्षण मिळते. घरी बोलताना सुरुवात कर्करोगापासून करावी: "आई, गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस माझी लहानपणी राहिली आहे, ती मला घ्यायची आहे." यावर "तुला कशाची गरज?" असे आले, तर स्वतःच्या वागण्याची सफाई देत बसू नये, "ही लस वयानुसार देतात" एवढे म्हणून आईलाच डॉक्टरांकडे सोबत न्यावे. लसीला तयार होणाऱ्या पुष्कळ पालकांच्या बाबतीत डॉक्टरांचा थेट सल्लाच निर्णायक ठरतो. आणि मुलगी सज्ञान असेल, तर निर्णय तिचा आहे, हे घरच्यांनीही मान्य करावे.

डॉक्टरांना मात्र काही गोष्टी न लपवता सांगाव्यात: आधीच्या एखाद्या लसीची किंवा यीस्टची तीव्र ॲलर्जी, प्रतिकारशक्ती कमी करणारा आजार किंवा औषध, आणि गर्भधारणेची शक्यता, कारण गरोदरपणात ही लस पुढे ढकलतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार ९ ते २० या वयात एक किंवा दोन डोस चालतात, २१ वर्षांनंतर सहा महिन्यांच्या अंतराने दोन, आणि प्रतिकारशक्ती दुबळी असल्यास किमान दोन, शक्यतो तीन.

लसीच्या दिवशी उपाशीपोटी जाऊ नये. इंजेक्शन दंडावर देतात. दंड दुखतो, थोडा सुजतो, कधी अंग तापते किंवा डोके दुखते. किशोरवयीन मुलींना इंजेक्शननंतर भोवळ येऊ शकते, म्हणून पंधरा मिनिटे तेथेच बसून राहावे.

घरी आल्यावर लसीचे नाव आणि तारीख लिहिलेले कार्ड गोवर-पोलिओच्या नोंदींच्याच फायलीत ठेवावे आणि ती फाइल कोठे आहे, हे मुलीला दाखवावे. लसीत सगळे प्रकार येत नसल्याने तिला पुढे गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यावीच लागेल. जागतिक आरोग्य संघटनेच्या उद्दिष्टात ती पस्तिशीपर्यंत एकदा आणि पंचेचाळिशीपर्यंत पुन्हा एकदा धरलेली आहे. ही दोन वयेही त्याच कार्डाच्या मागे लिहून ठेवावीत.