परदेशातल्या नोकरीचं वर्क परमिट: अर्ज कसा करावा

ऑफर लेटर आलं की बहुतेक जण लगेच व्हिसाचा फॉर्म शोधू लागतात. थोडं थांबा. पुष्कळ देशांत पहिला अर्ज तुमचा नसतोच, कंपनीचा असतो.

म्हणून सुरुवात कंपनीला एक प्रश्न विचारून करा: 'तुमच्या बाजूची परवानगी निघाली का?' कॅनडात बऱ्याच नोकऱ्यांसाठी मालकाला आधी एलएमआयए, म्हणजे परदेशी कामगार घ्यायला तिथल्या सरकारची संमती, मिळवावी लागते. तिची १,००० कॅनडियन डॉलर फी मालकानेच भरायची. ही फी कामगाराकडून वसूल करायला बंदी आहे. ब्रिटनमध्ये परदेशी कामगार आणायचा परवाना असलेली कंपनी सर्टिफिकेट ऑफ स्पॉन्सरशिप (तुमच्या नोकरीचा अधिकृत दाखला) देते आणि त्यानंतर ३ महिन्यांच्या आत तुम्ही व्हिसाचा अर्ज करायचा. अशा कंपन्यांची यादी तिथल्या सरकारच्या वेबसाइटवर कोणालाही पाहता येते. यादीत नाव नसेल तर तिथेच थांबा. 'आधी टुरिस्ट व्हिसावर या, परमिट नंतर बघू' असं कोणी म्हणालं, तरीही.

मग कागदपत्रं. माझ्या मते अर्जाचा जीव इथेच असतो. पासपोर्ट, पदवी आणि अनुभवपत्र शेजारी ठेवून नाव अक्षर न् अक्षर ताडून पाहा. लग्नानंतर बदललेलं आडनाव, गाळलेलं मधलं नाव, एका जागी एक स्पेलिंग आणि दुसरीकडे दुसरं, असं काही दिसलं तर आताच दुरुस्ती किंवा प्रतिज्ञापत्र करून घ्या. रेझ्युमेमधल्या तारखा अनुभवपत्राशी जुळल्या पाहिजेत. अनुभवपत्रात नुसतं पद नको. रोजचं काम काय होतं, आठवड्याला किती तास होतं, तेही लिहून घ्या. जुन्या कंपनीकडून असं पत्र मिळवायला चिकाटी लागते, पण पर्याय नाही.

पदवीच्या प्रमाणीकरणाला वेळ लागतो, ते आधी सुरू करा. १९६१च्या हेग करारातल्या बहुतेक देशांना अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा आपल्या सरकारचा शिक्का, चालतं. कॅनडात हा करार ११ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. कराराबाहेरच्या देशासाठी सहसा त्याच्या दूतावासाचा शिक्काही लागतो. जर्मनीला जायचं असेल तर आपलं विद्यापीठ आणि पदवी 'अनाबिन' या परदेशी पदव्यांची मान्यता दाखवणाऱ्या डेटाबेसमध्ये शोधा. डॉक्टर, नर्स यांच्यासाठी व्यवसायाचा परवाना ही वेगळीच पायरी असते.

पोलिस क्लिअरन्स आणि मेडिकल मात्र घाईने उरकू नका, त्यांना मुदत असते. ब्रिटनसाठीचं क्षयरोग तपासणीचं प्रमाणपत्र ६ महिनेच चालतं, कॅनडाचं मेडिकल १२ महिने.

फॉर्म स्वतः भरा, निदान सबमिट करण्याआधी स्वतः वाचा. पूर्वी कुठला व्हिसा नाकारला गेला असेल तर तो लपवू नका. नकारापेक्षा लपवाछपवी महागात पडते. फी भरून बायोमेट्रिक्स द्या आणि सगळ्याच्या प्रती जपून ठेवा. निकाल हाती येईपर्यंत आहे त्या नोकरीचा राजीनामा देऊ नका.

मंजुरी आली की परमिट एकाच मालकापुरतं आहे का, ते पाहा. तसं असेल तर नोकरी बदलताना सहसा नवी परवानगी लागते. आणि कॅनडाला बाहेरून अर्ज केला असेल तर घरी येतं ते फक्त मंजुरीचं पत्र. खरं परमिट तिथे पोचल्यावर सीमा अधिकारी देतो. नाव, मालक आणि मुदत काउंटर सोडण्याआधीच वाचून घ्या. चूक तिथल्या तिथे दुरुस्त करून घेणं सोपं, नंतर वेगळा अर्ज करत बसावं लागतं.