बंदुका जास्त तिथे पोलिसांच्या गोळ्याही जास्त? घरबसल्या मोजून बघा

न्यू जर्सीत कुणाच्या मुलाला टेक्सास किंवा ॲरिझोनात नोकरी लागली की मराठी घरांत हा विषय हमखास निघतो. "तिकडे घरोघरी बंदुका, पोलीस उठसूट गोळ्या घालतात म्हणे." मी इथल्या कम्युनिटी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवते, त्यामुळे "म्हणे" ऐकलं की मी एक्सेल उघडते. तुम्हीही उघडा, एका रविवारी होण्यासारखं काम आहे.

आधी मृत्यूंची यादी. वॉशिंग्टन पोस्टने २०१५ ते २०२४ या काळात पोलिसांच्या गोळीने मेलेल्या प्रत्येक माणसाची नोंद ठेवली. २०१४ मध्ये मिझुरीतल्या फर्ग्युसन गावी पोलिसाने मायकल ब्राउन या नि:शस्त्र तरुणाला गोळ्या घातल्या, त्यानंतर असं लक्षात आलं की सरकारकडे याची धड मोजदादच नाही, म्हणून वर्तमानपत्राला हे करावं लागलं. ही फाइल फुकट मिळते. वर्षाला साधारण हजार नावं आहेत. राज्यवार मोजा, राज्याच्या लोकसंख्येने भागा, वर्षांनी भागा, दहा लाखांनी गुणा. दहाही वर्षं एकत्र घ्या, कारण वायोमिंगची वस्ती जेमतेम पावणेसहा लाख. तिथे एका वर्षात दोन घटना कमी-जास्त झाल्या तरी दर कुठल्या कुठे जातो.

आता बंदुका, आणि खरी गंमत इथे आहे. अमेरिकेत कोणाकडे किती बंदुका आहेत याची केंद्रीय नोंदवही नाही. १९८६ च्या कायद्याने ती करायलाच बंदी घातली. मग अभ्यासक आडवाटेने जातात: राज्यातल्या एकूण आत्महत्यांपैकी किती बंदुकीने झाल्या ते बघतात. ऐकायला अघोरी वाटतं, पण घरात बंदूक हाताशी असण्याचा हा बऱ्यापैकी भरवशाचा माग आहे. हे आणि पाहण्यांचे आकडे जुळवून रँड या संस्थेने १९८० ते २०१६ चे राज्यवार अंदाज काढले आहेत, तेच वापरा. आकडे जुने आहेत, पण राज्यांचा क्रम सावकाश बदलतो. मोंटाना-वायोमिंगमध्ये साधारण तीनपैकी दोन घरांत बंदूक, न्यू जर्सीत सातांपैकी एका.

दोन्ही रकाने आलेखावर टाका. ठिपके डावीकडून उजवीकडे चढत जाताना दिसतील. हार्वर्डच्या डेव्हिड हेमेनवे आणि सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये हेच नीट केलं. सर्वाधिक बंदुकांच्या राज्यांत पोलिसांच्या गोळीने मरण्याचा दर सर्वांत कमी बंदुकांच्या राज्यांच्या सुमारे साडेतीनपट निघाला.

इथे थांबू नका. फाइलमध्ये मृताजवळ काय होतं याचा रकाना आहे: बंदूक, सुरा, खेळण्यातली बंदूक, काहीच नाही. निम्म्याहून जास्त नोंदींत बंदूक आहे. पण "बंदूक" म्हणजे रोखलेली बंदूक असं धरू नका. जुलै २०१६ मध्ये मिनेसोटात फिलँडो कॅस्टील यांची गाडी पोलिसाने थांबवली. त्यांच्याकडे बंदुकीचा परवाना होता. "साहेब, माझ्याजवळ बंदूक आहे," असं त्यांनी आपणहून सांगितलं, आणि काही सेकंदांत पोलिसाने सात गोळ्या झाडल्या. मागच्या सीटवर मैत्रिणीची चार वर्षांची मुलगी बसलेली होती. पुढच्या वर्षी ज्युरीने पोलिसाला निर्दोष सोडलं. माझ्या मते या चढत्या ठिपक्यांमागचं कारण इथेच सापडतं: जिथे कुणाच्याही खिशात बंदूक असू शकते, तिथे पोलीस प्रत्येक गाडीपाशी ती आहेच असं धरून जातो. म्हणून या रकान्याची दोन-तीन गटांत फोड करून प्रत्येकाचा आलेख वेगळा काढा.

मग खोडा घालणारी राज्यं शोधा. न्यू मेक्सिकोत बंदुकांचं प्रमाण मोंटानापेक्षा बरंच कमी, तरी मृत्युदर त्याच्याहून वर. तिथली गरिबी, हिंसक गुन्हे, पोलीस खात्यांच्या सवयी, सगळंच त्यात आलं. गरिबीचा आणि गुन्ह्यांचा रकाना जोडल्याशिवाय कुणाला निकाल सांगू नका. आणखी एक मेख: यादीत फक्त मेलेले आहेत. गोळी लागून वाचलेला यात येत नाही. जिथे मोठं हॉस्पिटल दोन तासांवर आहे तिथे तीच जखम जीव घेते. म्हणजे ग्रामीण राज्यांचा आकडा काही अंशी रस्त्याच्या लांबीचाही आहे.

शेवटचा प्रश्न हमखास येतो: "राज्याचं ठीक, पण आमचा मुलगा राहणार त्या काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं काय?" तिथे हा खटाटोप अडतो. सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेच्या मृत्यूंच्या तक्त्यांत काउंटीचा आकडा दहाच्या खाली गेला की तो झाकून ठेवतात, म्हणजे आत्महत्यांवरून बंदुका मोजायची वाट लहान काउंट्यांत बंद. मोठी शहरं असलेल्या काउंट्या घ्या, अनेक वर्षं एकत्र करा, आणि एवढं करून जो दर येईल तो काउंटीचा असतो, तुमच्या मुलाचा नाही, हे त्याच्या आईला फोनवर सांगून टाका.