सुधारलेला रंगेल नायक कसा लिहावा

ही ऐतिहासिक प्रेमकादंबरी. काळ रीजन्सीचा, म्हणजे इंग्लंडमधली १८११ ते १८२० ही वर्षं. खानदानी अविवाहित नायिका नायकासोबत एकटी सापडली तरी बभ्रा होतो. हा प्रसंग उगाच खर्ची घालू नका. नाचाच्या रात्री एकाच जोडीदारासोबत दोन नाच चालतात, तिसऱ्याला कुजबुज सुरू.

खरी गोची नायकाच्या सुधारण्यात. तिच्या एका नजरेने तो बदलला, तर वाचक पुस्तक मिटतो. जुगाराचं कर्ज त्याने स्वतः फेडावं, ती बघत नसताना, कथेच्या मध्याआधी. मग एकदा घसरूही द्या.

पळून लग्न करायचं तर स्कॉटलंडमधलं ग्रेटना ग्रीन हे गाव. लंडनहून तीनशेवर मैल. घोडागाडी एका रात्रीत पोहोचवू नका! वाटेत घोडे बदलावे लागतात, भांडायला भरपूर वेळ मिळतो.