जन्मवर्षाचं घड्याळ: शोधायचं कसं, तपासायचं कसं

विक्रेता ‘१९६८ चं ओमेगा’ म्हणतो, तेव्हा त्या १९६८ चे चार अर्थ निघतात. त्या वर्षी आतलं मशीन बनलं असेल, केस (मशीन बसवायची बाहेरची धातूची डबी) बनली असेल, घड्याळ कारखान्यातून बाहेर पडलं असेल किंवा दुकानात विकलं गेलं असेल. या चारही गोष्टी एकाच वर्षी घडल्या असतीलच असं नाही. पाटेक फिलिपच्या जुन्या नोंदींच्या उताऱ्यात तर निर्मितीची आणि विक्रीची तारीख वेगवेगळी छापलेली असते आणि दोन्हींत कधी कधी काही वर्षांचं अंतर असतं. त्यामुळे स्वतःच्या पन्नाशीसाठी किंवा वडिलांच्या षष्ट्यब्दीसाठी घड्याळ शोधायला निघालात, तर आपल्यासाठी कोणतं वर्ष ग्राह्य ते आधी ठरवा. बहुतेक संग्राहक मशीनच्या किंवा केसच्या क्रमांकावरून निघणारं वर्ष धरतात आणि एक वर्ष इकडेतिकडे चालवून घेतात. तारखेचा कागदच हवा असेल, तर तो देणाऱ्या कंपन्या मोजक्या आहेत, म्हणून कंपनीही त्या हिशेबाने निवडावी लागते.

पायरी १: आपल्या दशकात काय बनत होतं ते पाहा

१९५०-६० च्या दशकांत जन्मलेल्यांची चैन आहे. ओमेगा कॉन्स्टेलेशन, लाँजिन्स, रोलेक्स डेटजस्ट, जेजर-लकूल्त्र यांची चावीची आणि ऑटोमॅटिक घड्याळं त्या काळात भरपूर बनली. ग्रँड सेको १९६० मध्ये आलं, किंग सेको त्याच्या पुढच्या वर्षी. आपल्याकडे ज्या रॅडो डायस्टारचा दबदबा होता, ते १९६२ चं.

२५ डिसेंबर १९६९ ला सेकोने क्वार्ट्झ ॲस्ट्रॉन हे बॅटरीवर चालणारं घड्याळ विक्रीला आणलं आणि पुढच्या दहा वर्षांत स्वित्झर्लंडचा यांत्रिक घड्याळांचा धंदा कोसळला. म्हणून १९७५ ते १९८५ मध्ये जन्मलेल्यांना निवड कमी. ओदेमार पिगेचं रॉयल ओक (१९७२) आणि पाटेकचं नॉटिलस (१९७६) याच काळातली, पण त्यांचे भाव ऐकून बहुतेकांचा शोध तिथेच थांबतो. आवाक्यातल्या वाटा वेगळ्या आहेत: रोलेक्स डेटजस्ट १६०१३ किंवा १६०१४, १९७८ चं कार्तिए सँटोस, १९८२ चं ओमेगा कॉन्स्टेलेशन मॅनहॅटन. क्वार्ट्झ म्हणून नाक मुरडू नका. त्या वर्षांचं खरं प्रतिनिधी घड्याळ क्वार्ट्झच आहे. मात्र जुन्या क्वार्ट्झचं सर्किट जळलं तर सुटा भाग मिळणं कठीण, म्हणून चालू स्थितीतलंच घ्या.

पायरी २: क्रमांक वाचायला शिका

रोलेक्स. पट्टा काढल्यावर केसच्या दोन शिंगांमध्ये (पट्टा अडकवायच्या टोकांमध्ये) क्रमांक दिसतात: १२ च्या बाजूला मॉडेलचा, ६ च्या बाजूला अनुक्रमांक. १९८७ च्या सुमाराला अनुक्रमांकाआधी इंग्रजी अक्षर येऊ लागलं. अनुक्रमांकावरून वर्ष सांगणाऱ्या ज्या याद्या फिरतात त्या संग्राहकांनी बनवलेल्या आहेत, रोलेक्सने नव्हे. सत्तरच्या दशकासाठी त्यांत एक-दोन वर्षांचा फरक सर्रास पडतो. साधारण १९५३ ते सत्तरीच्या सुरुवातीपर्यंत मागच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तिमाही आणि वर्षाचा ठसा असे. ‘३’ चा रोमन आकडा आणि पुढे ६७ म्हणजे १९६७ ची तिसरी तिमाही. पट्ट्याच्या कडीवरही वर्षाची खूण असते, पण पट्टे बदलले जातात, म्हणून तो पुरावा दुय्यम.

ओमेगा. अनुक्रमांक मशीनवर असतो, म्हणजे झाकण उघडावं लागतं. ढोबळ अंदाज असा: १.५ कोटीच्या आसपास १९५६, २ कोटी १९६३, २.५ कोटी १९६७. मशीन बनून काही महिने कपाटात पडून राहिलेलं असू शकतं, म्हणून एक वर्ष पुढे धरायला हरकत नाही.

सेको. जन्ममहिना जुळवायचा असेल तर यासारखी सोय नाही. झाकणावरच्या सहा-सात अंकी क्रमांकाचा पहिला आकडा वर्षाचा शेवटचा आकडा, दुसरा महिना. ऑक्टोबरसाठी शून्य, नोव्हेंबरसाठी ‘एन’, डिसेंबरसाठी ‘डी’. दशक मशीनच्या नंबरावरून काढायचं. ग्रँड सेको ६१४५ चा क्रमांक ‘९३’ ने सुरू झाला तर ते मार्च १९६९ चं, कारण हे मशीन १९६८ मध्ये आलं आणि १९७९ पर्यंत टिकलंच नाही.

इंग्लंडमध्ये बनलेल्या सोन्याच्या केस. बर्मिंगहॅमच्या डेनिसन कंपनीने ओमेगासारख्यांसाठी नऊ कॅरटच्या केस बनवल्या. त्यांवर हॉलमार्कमध्ये वर्षाचं अक्षर असतं: नांगराची खूण बर्मिंगहॅमची, बिबट्याचं तोंड लंडनचं. केसचं वर्ष इतकं स्पष्ट दुसरीकडे क्वचित सापडतं. फक्त १९७५ पूर्वी ही अक्षरं १ जानेवारीला बदलत नसत, त्यामुळे एकाच अक्षरात दोन कॅलेंडर वर्षांचे तुकडे येतात.

जुन्या नोंदी. लाँजिन्स जुन्या नोंदवह्या पाहून घड्याळ कधी आणि कोणत्या एजंटाकडे पाठवलं ते मोफत कळवतं. पाटेक, व्हॅशरॉन कॉन्स्टँटिन, जेजर-लकूल्त्र पैसे घेऊन उतारा देतात. रोलेक्स असा उतारा देत नाही. ओमेगाची ही सेवा मध्यंतरी बंद झाली होती, म्हणून मागण्याआधी सध्याची स्थिती विचारा. उताऱ्यावरही आंधळा भरवसा नको. २०२१ मध्ये जिनिव्हाच्या लिलावात १९५७ च्या बनावटीचं म्हणून एक ओमेगा स्पीडमास्टर ३१ लाख स्विस फ्रँकहून अधिक किमतीला गेलं. घेणारं होतं ओमेगाचंच संग्रहालय. २०२३ मध्ये उघड झालं की ते वेगवेगळ्या घड्याळांचे भाग जुळवून उभं केलेलं होतं. त्या क्रमांकाचं घड्याळ कधी बाहेर पडलं एवढंच उतारा सांगतो. आज समोर आहे ते तेच घड्याळ आहे का, हे त्यात लिहिलेलं नसतं.

पायरी ३: डायल

जुन्या घड्याळाची निम्म्याहून जास्त किंमत डायलमध्ये असते, म्हणून सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. दहापट भिंग आणि पांढरा प्रकाश घ्या.

मूळ छपाईत अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि शाई किंचित वर उठलेली दिसते. रिडायल केलेल्यात, म्हणजे नंतर पुन्हा रंगवून छापलेल्या डायलमध्ये, अक्षरं जाड, फुगलेली, एकमेकांकडे झुकलेली असतात. मिनिटांच्या रेघा बाहेरच्या कडेपर्यंत सारख्या जात नाहीत. ‘स्विस मेड’ ही अक्षरं ६ खाली डायलच्या काठावर असतात. ती अर्धी कापली गेली असतील किंवा गायबच असतील, तर हात आखडता घ्या. कॉन्स्टेलेशनसारख्या घड्याळात बोधचिन्ह धातूचं, वरून बसवलेलं असतं. ते छापील असेल तर त्या मॉडेलची जुनी छायाचित्रं शोधून ताडून पाहा.

मग अंधारात चमकणारा लेप. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत रेडियम, त्यानंतर १९९७-९८ पर्यंत ट्रिटियम (दोन्ही किरणोत्सर्गी), पुढे किरणोत्सर्ग नसलेला ल्युमिनोव्हा. ट्रिटियमच्या डायलवर तळाशी ‘स्विस’ च्या दोन्ही बाजूंना बारीक ‘टी’ असतो. ट्रिटियमची निम्मी ताकद साधारण १२ वर्षांत संपते. म्हणजे १९७० चं घड्याळ आज रात्रभर चमकत असेल तर लेप नंतर भरलेला आहे. अतिनील टॉर्च मारा: जुना ट्रिटियम लेप क्षणभर उजळतो आणि टॉर्च बंद करताच विझतो, ल्युमिनोव्हा मिनिटंच्या मिनिटं चमकत राहतो. काट्यांवरचा आणि आकड्यांवरचा लेप एकाच छटेचा हवा. काटे पांढरे आणि आकडे मधासारखे पिवळे, म्हणजे काटे बदललेत.

रेडियमची गोष्ट वेगळी. त्याला निम्मं व्हायला सुमारे १६०० वर्षं लागतात. चमक गेली तरी किरणोत्सर्ग शिल्लक असतो. अशा घड्याळाची काच घरी उघडू नका, लेप खरवडू नका. ती धूळ श्वासात जाता कामा नये.

पायरी ४: ‘मुंबई स्पेशल’ ओळखा

जगभरातल्या संग्राहकांच्या तोंडी हा शब्द आहे आणि आपल्याला तो फारसा अभिमानाचा नाही. जुनी खिळखिळी केस पॉलिश करायची, मशीन मिळेल ते घालायचं, डायल भडक निळी, केशरी किंवा पोपटी रंगवून वर मोठं नाव छापायचं. चोर बाजारात आणि इंटरनेटवर फेव्हर-ल्युबा, वेस्ट एंड, रॅडो, ओमेगा या नावांनी अशी घड्याळं रांगेने दिसतात. खुणा सोप्या आहेत: साठ वर्षं जुन्या घड्याळाची डायल नव्या ताटासारखी चकचकीत, पट्टा स्वस्त आणि कोरा, मशीनचा फोटो मागितला की टाळाटाळ. मौज म्हणून घालायला काही बिघडत नाही, पण त्यावर जन्मवर्ष शोधणं फोल आहे. केस एका दशकाची, मशीन दुसऱ्या, डायल गेल्या वर्षीची.

पायरी ५: केस आणि मशीन

केसची शिंगं समोरून पाहा. कडा धारदार आणि चारही शिंगं सारख्या जाडीची हवीत. बफिंग मशीनवर वारंवार घासलेल्या केसच्या कडा साबणाच्या वडीसारख्या गोलावतात आणि गेलेला धातू परत येत नाही. ओरखडे मात्र चालतील. विक्रीआधी ‘चमकवून देतो’ म्हणणाऱ्याला नम्रपणे नको म्हणा.

झाकण उघडल्याचा फोटो अनिवार्य धरा. मॉडेल आणि मशीन जुळलंच पाहिजे. कॉन्स्टेलेशन १६८.००५ उघडल्यावर आत तांबूस रंगाचं ५६१ किंवा ५६४ क्रमांकाचं मशीन हवं, ज्वेल (चाकांचं घर्षण कमी करणारे खडे) २४. स्क्रूंच्या खाचा फाटलेल्या असतील तर अननुभवी हात फिरलेला आहे. गंजाचे डाग असतील तर पाणी आत गेलं होतं.

मग घड्याळजीकडे टाइमग्राफरवर, म्हणजे टिकटिक ऐकून मशीनची तब्येत सांगणाऱ्या यंत्रावर, लावा. पूर्ण चावी दिलेली, डायल आकाशाकडे, आणि त्या मशीनचा लिफ्ट अँगल (प्रत्येक मशीनचा ठरलेला कोन) यंत्रात आधी बरोबर भरलेला. तो चुकला तर अँप्लिट्यूडचा, म्हणजे बॅलन्स चाकाच्या झोक्याचा, आकडाच खोटा येतो. २७० ते ३१० अंश उत्तम. २२० च्या खाली असेल तर तेल वाळलंय, सर्व्हिसिंग लागणार. बीट एरर (टिक आणि टॉक यांच्या वेळेतला फरक) १ मिलिसेकंदाच्या आत हवा. घड्याळ दिवसाला दहा सेकंद पुढे जातंय म्हणून ते निरोगी असं समजू नका, अँप्लिट्यूड पडलेलं मशीनही रेग्युलेटर (वेग कमी-जास्त करायची दांडी) सरकवून वेळेवर दाखवता येतं.

पायरी ६: व्यवहार

ठरवलेल्या रकमेतून १५-२० टक्के पहिल्या सर्व्हिसिंगसाठी बाजूला काढा, क्रोनोग्राफ (स्टॉपवॉच असलेलं घड्याळ) असेल तर आणखी. ‘नुकतंच सर्व्हिस केलंय’ याला पावती नसेल तर केलेलं नाही असं धरून भाव करा.

परदेशातून मागवताना सीमाशुल्क आणि जीएसटीचे चालू दर आधी पाहा. दोन्ही मिळून किंमत बरीच चढते आणि विक्रेत्याने पाकिटावर कमी किंमत लिहावी असं सुचवू नका. माल अडकतो आणि विम्याची भरपाईही त्या कमी रकमेचीच मिळते. मगरीच्या कातड्याचा पट्टा असेल तर तो काढून ठेवायला सांगा. मगरीच्या कातड्याच्या व्यापारावर ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराचे निर्बंध आहेत आणि पट्ट्यापायी अख्खं पार्सल थांबतं.

मूळ बॉक्स-कागद असतील तर त्यावरचा क्रमांक घड्याळावरच्या क्रमांकाशी आकडा-आकडा जुळवा. नसतील तर खंत नको. आपल्याकडे त्या काळात बरीच स्विस घड्याळं आखातातून येणाऱ्यांच्या मनगटावर आली, कागद तिकडेच राहिले.

एखादं घड्याळ नेमक्या वर्षाचं पण डायल बिघडलेली, आणि दुसरं एक वर्ष मागचं पण जसंच्या तसं, अशी निवड आली तर दुसरं घ्या.

पायरी ७: घरी आल्यावर

जुन्या घड्याळावर ‘वॉटरप्रूफ’ कोरलेलं असलं तरी पाणी अडवणारी रबरी गॅस्केट कधीच कडक झालेली असतात. हात धुताना काढा. जून ते सप्टेंबर मुंबई-कोकणात घालायचं असेल तर वातानुकूलित खोलीतून थेट दमट हवेत नेऊ नका, काचेच्या आत बाष्प धरतं. धरलंच तर त्याच दिवशी घड्याळजीकडे न्या, कारण दोन-तीन दिवसांत काट्यांच्या मुळाशी गंज येतो आणि डायलवर डाग पडतो. एरवी हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी घालून ठेवा आणि पुडी दर महिन्याला बदला. स्पीकर आणि मोबाइलच्या चुंबकी कव्हरपासून लांब. घड्याळ एकाएकी दिवसाला मिनिटंच्या मिनिटं पुढे पळू लागलं तर बहुधा हेअरस्प्रिंगला (बॅलन्स चाकाच्या केसासारख्या बारीक स्प्रिंगला) चुंबकत्व आलेलं असतं, आणि ते घालवणं घड्याळजीचं पाच मिनिटांचं काम आहे.

सर्व्हिसिंग चार-पाच वर्षांनी. देताना चिठ्ठीवर लिहून द्या: डायल आणि काट्यांना हात लावायचा नाही, केस पॉलिश करायची नाही, बदललेले जुने भाग परत हवेत.