पोर्शे ७१८ केमनला नवे टायर घेताना

७१८ केमनचे पुढचे आणि मागचे टायर एकाच मापाचे नसतात, त्यामुळे दुकानात जाऊन नुसतं ‘चार टायर द्या’ म्हणून भागत नाही. १८ इंची चाकांवर पुढे २३५/४५ झेडआर १८ आणि मागे २६५/४५ झेडआर १८ बसतात (पहिला आकडा टायरची रुंदी मिमीत, दुसरा बाजूची उंची रुंदीच्या टक्क्यांत, शेवटचा चाकाचा व्यास इंचात). चाकं २० इंची असतील तर पुढे २३५/३५ आणि मागे २६५/३५. टायरच्या बाजूवरचं माप वाचा आणि गाडीवरच्या हवेच्या स्टिकरशी व मॅन्युअलशी ताडून पाहा. गाडी सेकंडहँड घेतली असेल तर हे चुकवू नका, आधीच्या मालकाने भलतंच माप चढवलेलं असू शकतं.

चाकं मोठी करायचा मोह आपल्या रस्त्यांवर तरी आवरलेला बरा. १८ इंचीवर पुढच्या टायरची बाजू साधारण १०५ मिमी उंच असते, २० इंचीवर ती ८२ मिमीवर येते. खड्ड्यात चाक आदळलं की हेच २३ मिमी रिम वाचवतात. पावसाळ्यात रस्त्यावर साचलेल्या पाण्याखाली खड्डा दिसतच नाही, तेव्हा ते फार कामी येतात.

मापापुढे ‘९४ वाय’ असं काहीतरी लिहिलेलं असतं. ९४ म्हणजे एका टायरला ६७० किलो भार, वाय म्हणजे ताशी ३०० किमीपर्यंतचा वेग. हे दोन्ही मूळ टायरपेक्षा जास्त चालतील, कमी अजिबात नको.

आता सगळ्यात जास्त गोंधळ होतो ती खूण. पोर्शेने तपासून मान्य केलेल्या टायरवर एन० , एन१, एन२ असं छापलेलं असतं. बीएमडब्ल्यूसाठीच्या टायरवर तारा असतो, मर्सिडीजसाठी एमओ. एकाच कंपनीचा, एकाच नावाचा, एकाच मापाचा टायर एन खुणेसह आणि खुणेशिवाय मिळतो आणि दोघांचं रबर किंवा आतली बांधणी वेगळी असू शकते. पुढे एक आणि मागे दुसरा बसवला की गाडीचा तोल बदलतो, आणि ते भर पावसात वळणावर कळतं. म्हणून चारही टायर एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे आणि एकाच खुणेचे घ्या. एन० आणि एन१ यांचीही सरमिसळ नको.

भारतात ही खूण हवी तेव्हा मिळेलच असं नाही. जून २०२० पासून टायरची आयात परवान्याखाली आहे आणि टायरवर आयएसआयचा शिक्का लागतो. एन खुणेचे चार मिळत नसतील तर दोन खुणेचे आणि दोन बिनखुणेचे असा मेळ घालू नका. त्यापेक्षा चारही बिनखुणेचे, पण एकाच मॉडेलचे बरे. गाडी वॉरंटीत असेल तर त्याआधी सर्व्हिस सेंटरकडून लेखी विचारून घ्या.

रबर निवडताना पावसाचा विचार आधी करा. मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस किंवा कॉन्टिनेंटल स्पोर्टकॉन्टॅक्ट ७ या जातीचे टायर कोरड्या रस्त्यावर भरपूर पकड देतात आणि त्यांच्या खोल खाचा पाणीही बाहेर फेकतात. पायलट स्पोर्ट कप २ सारखा ट्रॅकचा टायर कोइंबतूरच्या कारी ट्रॅकवर शोभतो. त्यात खाचा कमी, त्यामुळे साचलेल्या पाण्यावर तो लवकर तरंगतो. जुलैत ताम्हिणी किंवा आंबोलीला जाणाऱ्याने तो घेऊच नये.

कायद्याने नक्षीची खोली १.६ मिमी उरेपर्यंत टायर चालतो, पण पावसाळ्यासाठी ही हद्द फसवी आहे. रुंद टायरला पाणीही जास्त बाजूला सारावं लागतं. मे महिन्यात नक्षी मोजा आणि ३ मिमीच्या आसपास असेल तर तेव्हाच बदला.

जोर मागच्या चाकांवर असल्यामुळे मागची जोडी आधी झिजते. पुढचे टायर अर्ध्याहून जास्त शिल्लक असतील, सहा वर्षांच्या आतले असतील आणि तंतोतंत तेच मॉडेल मिळत असेल तर मागचे दोनच बदला. एकटा टायर मात्र सहसा बदलू नका. एका अॅक्सलवरच्या दोन टायरांच्या नक्षीत ३० टक्क्यांहून जास्त फरक नको. म्हणजे नवा ८ मिमीचा असेल तर जोडीदार किमान ५.६ मिमीचा हवा.

जुने टायर उतरवल्यावर त्यांची आतली कड बघा. चाकांना आत झुकाव असल्यामुळे ती आधी झिजते, आणि वरून टायर ठणठणीत दिसतो. कड फारच खाल्ली असेल किंवा हात फिरवल्यावर करवतीसारखी लागत असेल तर टो, म्हणजे चाकांची पुढून आत-बाहेर वळलेली दिशा, बिघडलेला आहे. अलाइनमेंट न करता नवे टायर चढवले तर त्यांचंही तेच होईल.

पैसे देण्याआधी प्रत्येक टायरवरची तारीख वाचा. ‘DOT’ या अक्षरांपुढचे शेवटचे चार आकडे म्हणजे आठवडा आणि वर्ष: २३२४ असेल तर २०२४ चा तेविसावा आठवडा. दोन वर्षांहून जुना माल नव्याच्या भावात घेऊ नका.

बसवताना रिमला ओरखडे न पाडणारं मशीन असलेलं दुकान शोधा. ‘आउटसाइड’ लिहिलेली बाजू बाहेरच आली पाहिजे. व्हॉल्वजवळ हवेच्या दाबाचा सेन्सर असतो, टायरचा काठ सोडवताना तिथे पट्टी घालू देऊ नका. चाकाचे बोल्ट हवेच्या गनने करकचून आवळण्याऐवजी टॉर्क रेंचने १६० न्यूटन-मीटरला घट्ट करून घ्या. पहिले २०० किमी सांभाळून चालवा, कारण नव्या रबरावर साच्यातला बुळबुळीत थर असतो. हवा सकाळी, टायर थंड असताना भरा.

या गाडीत स्टेपनी नाही, पंक्चरसाठी द्रव आणि छोटा कॉम्प्रेसर असतो. तो द्रव फक्त टायरवाल्यापर्यंत सावकाश पोचण्यापुरता असतो. बाटलीला मुदत असते, ती टायर बदलतानाच तपासून घ्या.